एकोणीस खराब काचा

“खराब म्हणजे काय खराब? तडा गेलाय? डाग पडलाय? मधे केस अडकलाय? बोट ठेवून दाखव ना.”

“मावशी, तो नुसता शेरा आहे हो. वहीत काहीतरी लिहावं लागतं.”

“काहीतरी लिहायचं म्हणून ‘खराब’ लिहिलंस? एकोणीस वेळा?”

“वळणच दिसत नाहीये त्यांच्यात. मग काय लिहू, ‘गोड’?”

“तुझं यंत्र खराब लिही. तुझे डोळे खराब लिही. आठवडाभर झोपली नाहीस ते दिसतंय तोंडावर. माझ्या काचांच्या नावानं कशाला बिल फाडतेस?”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. प्रयोगशाळेत दोघीच. एक फिरत्या स्टुलावर बसून, पायाने जमीन ढकलत, स्वतःला पाव गिरकी इकडे आणि पाव गिरकी तिकडे देत होती. दुसरी काचांचा ट्रे छातीशी धरून तिच्यापुढे उभी होती, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीच्या आईसारखी.

उभी होती ती मखमलबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहत होतं. स्टुलावरची होती अर्धी डॉक्टर. हे नाव मखमलबाईंनीच ठेवलेलं, तिचा प्रबंध अर्धा लिहून झाला तेव्हा. आता तो पाऊण झाला होता, पण बाईंनी बढती दिली नव्हती.

मखमलबाईंचं काम सांगायला सोपं. आगपेटीएवढी काच. तिच्यावर पातळ थर चढवून ती भट्टीतून भाजून यायची. मग बाईंनी ती फळीवर पक्की बसवायची आणि मखमल गुंडाळलेला लाकडी ठोकळा तिच्यावरून ओढायचा. अकरा वेळा, एकाच दिशेने. परत जाताना हात उचलून जायचं, चुकूनसुद्धा टेकवायचा नाही. मखमलीच्या लवेने त्या थरावर रेघा उठतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्यावर दूध सोडायचं. दूध म्हणजे लिक्विड क्रिस्टल. गढूळ, पांढरट दिसतं, म्हणून बाई ज्या घड्याळांच्या कारखान्यात आधी होत्या तिथल्या बायका त्याला दूध म्हणायच्या. त्या दुधातले रेणू लांबट, आगकाड्यांसारखे. काचेवर रेघा जिकडे, तिकडे तोंड करून काड्या निमूट झोपतात. घड्याळात आकडे उमटतात ते या झोपलेल्या काड्यांना उठवून.

एकोणिसाव्या वर्षी बाई कारखान्यात लागल्या. लांबच लांब टेबलं, चाळीस बायका, चाळीस ठोकळे, सगळ्यांचे हात एका तालात मागे, वर, पुढे. मागे, वर, पुढे. सदतीस वर्षं झाली त्याला. कारखान्यात काचा घासणारं रुळाचं यंत्र आलं, चाळीसच्या चार उरल्या, मग कारखानाच उरला नाही. तिथून त्या इथे आल्या, विद्यापीठाच्या या तळमजल्यावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. तालाने मात्र त्यांना सोडलं नाही. टेबल पुसलं तरी एकाच दिशेने. ताट घासलं तरी एकाच दिशेने. शेजारचं मांजर मांडीवर आलं की त्यालाही डोक्याकडून शेपटीकडे, मग हात उचलून पुन्हा डोक्याकडे. मांजराला हे फार मान्य होतं.

“ऐक,” बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. “मला पुन्हा सांग. सावकाश. शहाण्याला सांगतात तसं सांगू नकोस, घासणारीला सांगतात तसं सांग.”

“पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की.”

“ते लक्षात आहे.”

लक्षात होतंच. तेव्हा अर्धी डॉक्टर अजून उत्साहात होती. खाली एक स्फटिक असतो, म्हणाली होती. त्याच्यावर एक अगदी पातळ आडथर, म्हणजे दूध स्फटिकाला शिवणार नाही. मग दूध. आणि सगळ्यांत वर तुमची काच. तुमची काच दुधाला वरून घट्ट धरते, पण खालच्या टोकाला ते मोकळं असतं. तिथे ते आपोआप स्फटिकाकडे वळतं.

“न शिवता?” बाईंनी विचारलं होतं.

“न शिवता.”

“चुंबक आहे?”

“नाही. बॅटरी नाही, वीज नाही. वळवते ती रिकामी जागा.” आणि बाईंच्या भुवया वर गेलेल्या बघून ती स्टूल सरकवत जवळ आली होती. “रिकामी म्हणजे रिकामी नसतेच मावशी. सगळं काढून घ्या, दिवा बंद करा, गोठेपर्यंत गार करा. तरी एक थरथर उरतेच. विजेची, प्रकाशाची, अगदी बारीक. ती काही केल्या जात नाही. स्फटिकात ती एका दिशेने सहज जाते, आडवी गेली की अडखळते. दुधातही तसंच. दोघांच्या सोयीच्या दिशा जुळल्या की दोघांना बरं वाटतं. म्हणून दूध वळतं. फार नाही, अंशभर.”

बाईंनी क्षणभर विचार केला होता. “आमच्या धाकट्या बहिणीसारखं. ती येऊन नुसती खुर्चीत बसते. बोलत नाही, बघतसुद्धा नाही. आणि मी उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागते.”

अर्ध्या डॉक्टरने ते वहीत उतरवून घेतलं होतं. तीच वही आता त्यांच्यामध्ये उघडी पडली होती आणि तिच्यात ‘खराब’च्या खाली ‘खराब’ लावले होते.

“स्फटिक उजवीकडे तिरका ठेवला तर दूध उजवीकडे वळायला हवं,” अर्धी डॉक्टर बोटं मोडत म्हणाली. “डावीकडे ठेवला तर डावीकडे. तेवढंच. गणित म्हणतं दोन्हीकडे दीड अंश. उजवीकडे आलं किती? पावणेतीन! जवळजवळ दुप्पट, मावशी. असं अजून कुणालाही दिसलेलं नाही. आणि डावीकडे आलं पाव. पाव अंश! त्याला काय वळण म्हणायचं? म्हणून डावीकडच्या काचा...”

“उजवीकडच्या कुणी घासल्या?”

“तुम्ही.”

“डावीकडच्या?”

“तुम्हीच.”

“वेगळ्या दिवशी? वेगळ्या कापडानं?”

“नाही.”

“एका ट्रेमधून अडतीस काचा उचलल्यास. उजवीकडे लावल्यास त्या एकोणीस चांगल्या निघाल्या आणि डावीकडे लावल्यास त्या एकोणीस खराब. काचांना आधीच ठाऊक होतं वाटतं, आपण कुठल्या बाजूला जाणार ते?”

अर्ध्या डॉक्टरची गिरकी थांबली. मग उलटी सुरू झाली.

“शुक्रवारी सरांपुढे सगळं मांडायचंय,” ती म्हणाली. “आज बुधवार आहे. मी ‘दुप्पट’वर वीस पानं लिहिलीत. मला आता काही ऐकायचं नाहीये. प्लीज.”

“वीस पानं लिहिलीस म्हणून माझ्या काचा खराब?”

“हो! तसं समजा!”

बाईंनी ट्रे उचलला. उचलताना उजवा हात कोपरापासूनच पुढे केला. वरचा दंड बरगडीला चिकटलेलाच राहिला. अर्धी डॉक्टर वहीकडे बघत होती, तिला दिसलं नाही. गेले आठ महिने कुणालाच दिसलं नव्हतं, कारण मखमलबाई आपल्या खोलीचं दार लावून घासायच्या. “धूळ येते,” म्हणायच्या.

धूळ नव्हती येत. खांदा आखडला होता. आधी नुसता ठणकायचा, मग रात्री कुशीवर झोपू देईना, मग एक दिवस हात वर जायचाच थांबला. बाहेरच्या बाजूलाही उघडेना. धाकटी बहीण हाडांच्या दवाखान्यात नंबरांच्या चिठ्ठ्या देते. तिने मागच्या पंधरवड्यात ओढूनच नेलं. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता उपचार सुरू करा, दीड महिना या हाताला कामाला लावू नका, म्हणजे उघडेल. आणखी रेंगाळलात तर आहे तिथेच राहील, मग मी काही सांगू शकत नाही. धाकटीने लगेच येत्या सोमवारचा पहिला नंबर काढून ठेवला. बाईंनी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

कारण सरांच्या टेबलावर, काचेच्या पेपरवेटखाली, रुळाच्या यंत्राचं माहितीपत्रक होतं. गुळगुळीत कागद, वर निळं चित्र. बाई चहाचा कप ठेवायला गेल्या की ते चित्र त्यांच्याकडे बघायचं. दीड महिना हात थांबला असता तर त्याच्या जागी कोण आलं असतं, ते बाईंनी कारखान्यात एकदा पाहिलं होतं.

आणि आता वर हे. एकोणीस खराब. सदतीस वर्षांत त्यांच्या ट्रेवर हा शब्द कुणी लिहिला नव्हता.

त्या संध्याकाळी घरात बाईंना बसवेना. खिडकीची काच पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. भांडी फळीवर लावली, काढली, उंचीप्रमाणे लावली.

“ताई, बस ना गं घडीभर,” धाकटी आरशापुढे बसून म्हणाली. “डोकं फिरवलंस माझं. तो कंगवा घे, भांग काढ बरं. कामाला हात लागला म्हणजे शांत होशील.”

दोघी बहिणी एकत्र राहायला लागल्यापासूनचा हा नियम. धाकटीला स्वतःचा भांग काढता येत नाही. तिच्या मते मागचं दिसत नाही, ताईच्या मते आळशीपणा आहे. बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. कंगव्याचं टोक कपाळावर टेकवलं आणि एका ओढीत डोक्याच्या मध्यापर्यंत नेलं. अर्थातच एका दिशेने.

“काय झालंय आज?” धाकटीने आरशातून विचारलं.

“माझ्या काचा खराब आहेत म्हणे.”

“कोण म्हणतं? ती स्टुलावरची?”

“अर्ध्याच खराब. डाव्या.”

“नेमक्या डाव्याच!” धाकटी हसली आणि मान कलती करून आरशात बघायला लागली. “माझ्या भांगासारखंच झालं म्हणायचं.”

“तुझ्या भांगाला काय झालं?”

“काही नाही.”

“बोल.”

“अगं, जरा वाकडा येतो हल्ली. उजवीकडे जातो. माझ्या शेजारच्या खिडकीवरची रोज म्हणते, आज पण कलला बरं का. मी तुला काही बोलले नाही. म्हटलं, हात दुखतोय, तरी काढून देतेय, आणखी काय नावं ठेवायची.”

बाईंचा कंगवा हवेतच राहिला.

“कधीपासून?”

“झाले की सात-आठ महिने.”

“रोज वाकडा?”

“रोज.”

“कधी जास्त, कधी कमी?”

“नाही गं. अगदी छापल्यासारखा. रोज तेवढाच.” धाकटीने मागे वळून पाहिलं. “ताई? अशी का बघतेस माझ्या डोक्याकडे?”

बाईंनी तिची मान धरून पुन्हा आरशाकडे केली, केस मोकळे केले आणि दुसऱ्यांदा भांग काढला. जीव ओतून काढला. श्वास धरून, नाकाच्या रेषेवर डोळा ठेवून. मग मागे सरकून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना तो सरळ दिसत होता, तिच्या नाकाशी ताडून पाहिलं तर कललेला होता.

दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी आल्या.

कारखान्यात एक पडताळा होता. घासलेली काच एकटी बघून काही कळत नाही. दोन काचा घ्यायच्या, एकाच हाताच्या, आणि एक उलटी करून दुसरीवर ठेवायची, रेघांची बाजू रेघांकडे. हात सरळ असेल तर रेघा रेघांवर बसतात. हात जरा उजवीकडे जात असेल तर उलट्या केलेल्या काचेत तोच उजवा डावा होतो, आणि चूक दुप्पट होऊन समोर येते. नवीन आलेल्या मुलींच्या काचा पहिला महिनाभर अशा बघत. बाईंच्या काचा अशा शेवटच्या कधी बघितल्या होत्या? एकोणीस-वीस वर्षांच्या असताना.

ट्रेमधून त्यांनी दोन काचा उचलल्या. कडा जुळवून समोरासमोर ठेवल्या, मधे केसाएवढी फट. फटीच्या तोंडाशी दुधाचा एक थेंब टेकवला. तो आपसूक आत चढला, कोऱ्या कागदावर शाई सरकते तसा. दूध निवांत व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाईंनी मखमल झटकली, घडी केली, मोडली, पुन्हा केली. खोलीत तीन पावलं इकडे, तीन तिकडे.

मग उजेडाच्या पेटीवर काचा ठेवल्या. खाली एक करडी पट्टी, वर एक करडी पट्टी, उन्हाच्या चष्म्याला असते तशी. वरची पट्टी आकडे कोरलेल्या कड्यात बसवलेली होती. कडं शून्यावर असताना दोन्ही पट्ट्या एकमेकींना आडव्या असतात आणि मधली खिडकी काळीकुट्ट व्हायला हवी. दोन्हीकडच्या काड्या एका रांगेत असल्या तर उजेडाला वाट मिळत नाही.

खिडकी काळी नव्हती. काळपट होती.

बाईंनी डोळे मिटले, उघडले. वर झुकल्या. कडं हळूच फिरवलं. अर्धा अंश. एक. दोन. काळपट गडद होत गेलं. अडीचवर खिडकी बंद झाली, विहिरीसारखी.

“अडीच,” त्या मोठ्याने म्हणाल्या. रिकाम्या खोलीत आवाज उगाच मोठा वाटला.

दुसरी जोडी लावली. अडीच. तिसरी. अडीच. चौथ्या जोडीला त्यांनी कडं आधीच अडीचवर नेऊन ठेवलं आणि मग पाहिलं. काळी.

अडीचच्या निम्मे सव्वा. प्रत्येक काचेत सव्वा अंश, प्रत्येक वेळी उजवीकडे. आठ महिने.

त्या खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. हिशेब करायला अर्ध्या डॉक्टरची गरज नव्हती. पावणेतीनातून सव्वा काढा. पाव अंशात सव्वा घाला. त्यांनी बोटांवर केला, मग कागदावर केला, मग पुन्हा बोटांवर. दोन्हीकडे दीड. नेमका दीड. काचा खराब नव्हत्या, एकही नव्हती. रिकाम्या जागेनेही आपलं काम चोख केलं होतं, उजवीकडे जेवढं तेवढंच डावीकडे. वाकडा होता तो एकटा हात.

बोलायचं नाही, हे फार सोपं होतं. चार जोड्या सोडवायच्या, धुवायच्या, दूध पुसून टाकायचं. ‘खराब’ तिच्या वहीत पडून राहील, ती ‘दुप्पट’ मांडेल, सर खूश होतील, पेपरवेटखालचं चित्र पेपरवेटखाली राहील. बाईंनी पहिली जोडी सोडवायला नखही लावलं होतं.

पण शब्द नखात गेलेल्या कुसळासारखा सलत होता. खराब. दुपारी जेवताना सलला. संध्याकाळी धाकटीने “काय ठरलं सोमवारचं?” विचारलं तेव्हा सलला. “बघू,” बाई म्हणाल्या आणि उठून तिच्या ओढणीची घडी घालायला लागल्या.

शुक्रवारी अकरा वाजता सरांच्या खोलीत मांडणी सुरू झाली. खोली छोटी, एक टेबल, एक फळा, दोन खुर्च्या. दाराची खालची कडी कित्येक दिवसांपासून तुटलेली. वारा आला की दार उघडायचं, म्हणून वरची कडी लावून बसायचं. अर्धी डॉक्टर फळ्यापुढे होती. नवा कुडता, डोळ्यांखाली जुनी वर्तुळं. तिने नुकतंच मोठ्या अक्षरात ‘२.७५’ लिहून त्याभोवती गोल काढला होता, तेवढ्यात दारावर थाप पडली.

सरांनी उठून कडी काढली. “बाई? चहा नकोय आत्ता.”

“चहा नाही आणला.” मखमलबाई ट्रे आणि मखमल घेऊन आत आल्या, दोन्ही टेबलावर ठेवलं. सरांनी वाऱ्यासाठी पुन्हा कडी लावली.

“मावशी, नंतर,” अर्धी डॉक्टर दातांखाली म्हणाली. “प्लीज, नंतर.”

“नंतर तू शाईनं लिहिशील. आत्ता खडू आहे, पुसता येईल.”

“बाई, झालंय काय?” सरांनी विचारलं.

“हिनं माझ्या एकोणीस काचांवर ‘खराब’ लिहिलंय. त्या खराब नाहीत. माझा हात खराब आहे.”

दोघं एकदम बोलले.

“म्हणजे?”

“काय?”

“खांदा आखडलाय. आठ महिने झाले. हात बाहेर उघडत नाही, कोपर बरगडीलाच चिकटतं, म्हणून ओढताना हात त्याच्याकडे, उजवीकडे येतो. मला कळत नव्हतं, आईशप्पथ सांगते, मला सरळच वाटत होतं. काल समोरासमोर लावून बघितल्या. चार जोड्या. अडीच, अडीच, अडीच, अडीच. त्याच्या निम्मे करा.”

“सव्वा,” अर्धी डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. तिचा खडू फळ्याकडे आपोआप गेला. गोलातल्या पावणेतीनखाली तिने उणे सव्वा लिहिलं. कोपऱ्यात, नको असलेल्या पाहुण्यासारखं लिहिलेलं पाव होतं, त्यात सव्वा मिळवलं. दोन्ही उत्तरं लिहिली. मागे सरकली. पुन्हा पुढे जाऊन तपासली.

“दीड,” ती म्हणाली. “दीड. आणि दीड.”

सर खुर्चीतून उठून फळ्याशी आले. मग खिडकीपर्यंत गेले, परत आले.

“मी काचेची कड शून्य धरत होते,” अर्धी डॉक्टर बोलत सुटली. “कडेपासून मोजत होते. रेघा कडेला समांतर आहेत हे मी कधी तपासलंच नाही. मावशींनी घासलंय म्हणजे सरळच असणार, त्यात काय तपासायचं! माझी वीस पानं...” ती हसायला लागली. हसता हसता नाक पुसलं, नाकाला खडू लागला. “दुप्पट गेलं. गेलं दुप्पट माझं. पण दोन्ही बाजू जुळल्या, सर! जुळल्या की नाही?”

“जुळल्या,” सर म्हणाले. “हे जास्त चांगलं आहे. कुणी काही म्हणू शकणार नाही.”

“आधी ती वही काढ,” मखमलबाई म्हणाल्या.

“कुठली?”

“तुला माहीत आहे कुठली.”

अर्ध्या डॉक्टरने वही काढली. बाईंनी पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि ती एकेक ‘खराब’ खोडत गेली. बाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. सतराव्यावर ती थांबून म्हणाली, “मावशी, सॉरी.” बाई म्हणाल्या, “अजून दोन आहेत.”

एकोणिसावा खोडून झाला तेव्हा बाईंना आता काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटलं. टेबलावर निळं चित्र होतंच. त्यांनी स्वतःच विषय काढला.

“सोमवारपासून मला सुट्टी लागेल, सर. दीड महिना. दवाखान्यात नंबर लावलाय. यंत्र आणायचं असेल तर आणा. मी काही...”

“यंत्र?” सरांनी पेपरवेट उचलला, माहितीपत्रक काढलं, दोनदा दुमडलं आणि केराच्या डब्यात टाकलं. “यंत्र कशाला? बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय ते? सव्वा अंश! दर वेळी सव्वा! चार जोड्यांमध्ये फरक नाही. एवढी नेमकी चूक यंत्रसुद्धा करत नाही.”

बाईंनी डब्याकडे पाहिलं. डब्यातलं चित्र हळूहळू उलगडत होतं.

“आपल्याकडे अजून चोवीस काचा बाकी आहेत,” सर आता भरभर बोलायला लागले, खिडकीपासून फळ्यापर्यंत आणि परत. “मधले कोन. आडथर जाड, आडथर बारीक. त्या झाल्या की प्रबंध पुरा. पण त्या याच हाताने व्हायला हव्यात. हात बदलला, सरळ झाला, निम्मा सरळ झाला, तर सव्वा मोडेल आणि आधीच्या अडतीस काचांशी काहीच जुळणार नाही. सगळं पहिल्यापासून. वर्ष जाईल. म्हणून म्हणतो, दीड महिना. तो खांदा जसा आहे तसाच राहू द्या. व्यायाम नको, शेक नको, काही नको. त्याला हातच लावू नका.”

“आणि मग दवाखाना?” बाईंनी विचारलं.

“मग आहेच की. कुठे पळून जातोय?”

“डॉक्टर म्हणाल्या, रेंगाळलं तर राहून जाईल.”

“डॉक्टर लोक घाबरवतातच हो,” सर खुर्चीत बसत म्हणाले.

बाईंनी अर्ध्या डॉक्टरकडे पाहिलं. ती फळ्याला टेकून उभी होती, तिच्या पाठीने ‘दीड’ अर्धा पुसला गेला होता. खडू एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात. ती सरांकडे बघेना, बाईंच्या खांद्याकडेही बघेना. बघत होती ती ट्रेकडे.

“बोल की,” बाई म्हणाल्या. “तू काय म्हणतेस?”

“मी काय म्हणणार मावशी...”

“परवा तर चांगली तोंड वर करून बोलत होतीस.”

“तुमचा खांदा आहे. तुम्ही म्हणाल तसं.” खडू या हातातून त्या हातात. “फक्त... माझी मुदत संपतेय हो. वर्षभर पुन्हा नाही जमणार मला. सहाच आठवडे. चोवीसच काचा. मी ट्रे आणून देईन, ठोकळा धरून देईन, तुम्ही नुसतं ओढायचं. आठवड्याला चारच्या वर नाही.” तिने शेवटी मान वर केली. “कराल ना, मावशी?”

मखमलबाईंनी टेबलावरची मखमल उचलली. हाताने लव एका बाजूला बसवली, हात उचलला, पुन्हा बसवली. घडी घातली आणि डाव्या काखेत धरली. मग त्या दाराशी गेल्या आणि वरच्या कडीसाठी उजवा हात वर केला.

हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. कडी वीतभर वर होती. बोटं हवेत थोडी हलली. त्या तशाच उभ्या राहिल्या, घाई न करता, दोघांना नीट दिसेल इतका वेळ. सरांनी खुर्ची मागे सारली, पण उठले नाहीत.

“मावशी?” अर्धी डॉक्टर म्हणाली.

“सोमवारी माझा पहिला नंबर आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी उजवा हात खाली घेतला, मखमल त्याच्यात दिली, डाव्या हाताने कडी काढली आणि दार तसंच उघडं टाकून निघून गेल्या.